सातपैकी दोन

"काकू, गेल्या सात दिवसांत किती दिवस पथ्याचं जेवलात?"

मी खरं सांगितलं, दोन. गौरी-गणपतीचा आठवडा होता तो. चालणं एक दिवस, साखर तपासली तीन दिवस, इन्सुलिन सातही दिवस. मधुमेहाच्या दवाखान्यातल्या समुपदेशक मुलीने भराभर आकडे मांडले आणि फाइलवर लाल शाईने लिहिलं : पथ्य पाळत नाहीत.

त्या तीन शब्दांनी वर्षभर माझा पिच्छा पुरवला. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ९.४ आली की डॉक्टर आधी ते पान उघडायचे. "जिभेवर ताबा नको का, काकू?" म्हणायचे आणि इन्सुलिनचे युनिट वाढवायचे. २० चे २४, २४ चे ३०. मी भात कमी केला, उपवासाची साबुदाणा खिचडी सोडली, रोज पाऊण तास चालू लागले. पुढच्या वेळी "सातपैकी सहा" सांगितलं, तर ती मुलगी म्हणाली, "सगळे असंच सांगतात." खरं सांगितलं तेव्हा बेशिस्त, सुधारले तेव्हा खोटारडी. हे अजून सलतं.

मग एका सकाळी, नेहमीच्या जागी रक्त साकळलं होतं म्हणून मी पोटाच्या उजव्या बाजूला टोचलं. डोस तोच, नाश्ता तोच. मंडईत मेथीची जुडी हातात घेतली आणि हात थरथरायला लागले, अंग घामाने भिजलं. भाजीवाल्या मावशींनी शेजारच्या छोट्या दवाखान्यात नेलं. साखर ५४! साखरपाणी पिऊन मी सावरल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटावरून हात फिरवला. वर्षभरात हे कुणीच केलं नव्हतं. नाभीच्या डावीकडे त्यांची बोटं थांबली. "रोज इथेच टोचता ना?" माझाच हात धरून त्यांनी तिथे ठेवला. लिंबाएवढी, रबरासारखी गाठ. तिथे दुखत नाही म्हणून चार वर्षं मी तिथेच टोचत होते, आणि गाठीतून इन्सुलिन धड शोषलंच जात नव्हतं. डोस ३० वरून २२ वर आला. पुढची तीन महिन्यांची साखर ७.३.

माझ्या मुलीने नंतर शोधलं. अशी सात दिवसांची प्रश्नावली अमेरिकेत टूबर्ट आणि ग्लासगो यांनी १९९४ साली मांडली, २००० साली सुधारली. आहार, व्यायाम, साखर तपासणी, पायांची निगा हे सगळं त्यात वेगवेगळं मोजतात. म्हणजे कुठे अडतंय ते कळावं. माणसावर शिक्का मारायला नव्हे! शिवाय इंजेक्शन किती दिवस घेतलं हे विचारून भागत नाही. कुठे आणि कसं घेतलं, ते बघावं लागतं.

म्हणून सांगते. दर भेटीला स्वतःहून म्हणा, "टोचण्याची जागा बघा." रोज जागा बदला, आधीच्या जागेपासून बोटभर अंतर ठेवा, सुई दर वेळी नवी घ्या. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागण्याआधी डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांना विचारा आणि काही दिवस साखर जास्त वेळा तपासा, नाहीतर माझ्यासारखी मंडईत गत होईल. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवा. आंबा कापलेल्या हाताने आकडा खोटाच येतो. सणाचा आठवडा असेल तर तसं फॉर्मवर लिहायला लावा. जेवणाआधीचा आणि दोन तासांनंतरचा आकडा तारखेसह वहीत ठेवा. तोंडी बोलण्यावर विश्वास नसला तरी वही बाजूला सारणं अवघड जातं. बाकी चाला, पाय रोज बघा, औषध चुकवू नका, हे आहेच.

जुन्या डॉक्टरांना मी गाठीचं सांगायला गेले होते. "आधी बोलायचं ना," एवढंच म्हणाले. लाल शाईतली ती ओळ खोडा म्हटलं, तर ती खोडता येत नाही म्हणे. मग मी तिच्याखाली माझ्या हाताने लिहिलं, "पोट तपासलं नव्हतं," तारीख घातली आणि सही केली.