घटक ४ : शिकता मेंदू – रोजच्या सवयी आणि मनाचे स्वास्थ्य

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला मेंदूची लवचीकता ही संकल्पना स्वतःच्या शब्दांत मांडता येईल. कोणत्या सवयींमुळे मेंदू खरोखर शिकतो आणि कोणत्या सवयी शिकल्याचा केवळ भास निर्माण करतात, हे वेगळे करता येईल. तसेच स्वतःच्या दिनक्रमात अभ्यासाची योग्य वेळ व पद्धत ठरवता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, समजा, तुम्ही जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई येथे राहता. बारावीनंतर शिक्षण सुटले, संसार आला, शेत आले. गावची बाजारपेठ हिरव्या मिरचीसाठी ओळखली जाते. हंगाम सुरू झाला की तोडणी, पोती, वजन आणि भाव यांतच दिवस मावळतो. पंधरा वर्षांनी बी.ए.ला प्रवेश घेतला. पण रात्री पुस्तक उघडावे तर दुसऱ्या पानावर येईपर्यंत पहिले पान पुसले गेलेले असते. मग मनात येते, 'आता या वयात डोक्यात काही शिरायचे नाही.'

या वाक्यापायी पुस्तके मिटली जातात. म्हणून ते कितपत खरे आहे, हे या घटकात तपासून पाहू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ मेंदू बदलतो म्हणजे काय?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. शिकण्याच्या दृष्टीने या संख्येपेक्षा त्यांच्या परस्परांतील जोडण्या महत्त्वाच्या असतात. मेंदू वयात आल्यावर या जोडण्या कायमच्या ठरून जातात, असे विसाव्या शतकाच्या आरंभी मोठमोठे शास्त्रज्ञही मानीत. १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल हे त्यांपैकीच एक. पुढे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये वेगळा विचार मांडला. दोन चेतापेशी वारंवार एकत्र कार्यरत झाल्या, तर त्यांच्यातील जोडणी बळकट होते, असे त्याचे सूत्र होते. अनुभवानुसार मेंदूची रचना व कार्य बदलत राहण्याच्या या गुणाला आपण मेंदूची लवचीकता म्हणतो.

बांधावरून रोज ये-जा झाली की पाऊलवाट पडते आणि ये-जा थांबली की तिच्यावर गवत माजते, ही उपमा येथे पुष्कळ अंशी लागू पडते. २००४ साली जर्मनीत काही प्रौढांना तीन चेंडू हवेत झेलत राहण्याची कसरत शिकवली गेली. तीन महिन्यांत त्यांच्या मेंदूतील, हालचाल पाहण्याशी संबंधित भागांत वाढ दिसली. सराव सोडून तीन महिने गेल्यावर ती वाढ बरीचशी ओसरली.

परंतु ही उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. बांधावरून तुम्ही बेसावधपणे चाललात तरी वाट पडतेच. मेंदूचे तसे नाही. लंडनमध्ये टॅक्सीचालकाचा परवाना मिळवण्यासाठी शहरातील सुमारे २५,००० रस्ते लक्षात ठेवावे लागतात. त्यासाठी तीन-चार वर्षे जातात. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवून दिले, की या चालकांच्या मेंदूतील 'हिप्पोकॅम्पस' या स्मरणाशी निगडित भागाचा मागील अंश इतरांपेक्षा मोठा असतो. यावर शंका निघाली, की ज्यांचा हा भाग मुळात मोठा, तेच चालक होत असतील. म्हणून त्यांनी ७९ उमेदवारांचा प्रशिक्षणाआधी व नंतर अभ्यास केला आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या ३९ जणांत ही वाढ आढळली, अनुत्तीर्णांत आढळली नाही. सुरुवातीला मात्र सर्वांचे मेंदू सारखेच होते. वाढ त्या कष्टसाध्य शिकण्यातून आली होती.

४.२.२ उशिरा भेटलेली अक्षरे

आता आपल्या राज्यातील एका उदाहरणाकडे वळू. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारातून ती उभी राहिली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजी गुलाबी लुगडे नेसून, पाठीवर दप्तर घेऊन वर्गात येऊ लागल्या. पोथी आपल्याला स्वतः वाचता यावी, ही त्यांची इच्छा होती. अंगठ्याऐवजी सही करता येणे हाही मोठाच लाभ. ज्या नातवंडांना त्यांनी सांभाळले, त्यांनीच घरी त्यांना बाराखडी गिरवायला मदत केली.

मेंदूची मापे घेण्यासाठी ही शाळा निघाली नव्हती. मात्र प्रौढ वयात अक्षरे शिकताना मेंदूत काय घडते, हे उत्तर प्रदेशात लखनौजवळच्या खेड्यांत पाहिले गेले. तेथील साधारण तिशीतल्या निरक्षर व्यक्तींना, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, सहा महिने हिंदी लेखन-वाचन शिकवण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार बदल केवळ मेंदूच्या बाह्य थरापुरते राहिले नाहीत. मेंदूतला थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभ यांसारख्या खोलवरच्या, उत्क्रांतीच्या दृष्टीने अतिप्राचीन भागांचे दृष्टिकेंद्राशी असलेले कार्य अधिक एकसूत्री झाले.

आणखी एक अभ्यास मराठवाड्यातील विद्यार्थ्याला जवळचा वाटावा. १९५६ पर्यंत आपला भाग ज्या राज्यात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादमध्ये, डॉ. सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला. हा फरक शाळेत कधीही न गेलेल्या रुग्णांतही होता. आपल्याकडे बाजारात मराठी, हिंदी, दखनी उर्दू, तांड्यावर गोरमाटी अशी भाषांची सरमिसळ सहज चालते. 'अशुद्ध बोलतो' म्हणून ज्याला हिणवले जाते, तो माणूस दिवसभरात मेंदूला किती कामाला लावतो, हे भाषेच्या अभ्यासकाने तरी ध्यानात घ्यावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) लंडनच्या चालकांवरील दुसऱ्या अभ्यासाची गरज का निर्माण झाली?
आ) पाऊलवाटेची उपमा कोठे अपुरी पडते?

४.२.३ कोणती सवय शिकवते?

जुन्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत असत. अशा एखाद्या वृद्धाला 'साडेतेरा किलोचे सव्वा सतरा रुपयांनी किती?' असे विचारले, तर तो क्षणात उत्तर देई. हे पाढे शिकताना त्याच्या मेंदूने मोठे कष्ट घेतले होते. आता उत्तर देताना तो ते घेत नाही. सवय अंगवळणी पडली की तिचे शिकवण्याचे काम बहुतांशी संपलेले असते. म्हणूनच वीस वर्षे तोच हरिपाठ म्हणणाऱ्याला मनःशांती जरूर मिळेल. नवे काही शिकायचे तर मात्र एखादी न येणारी गवळण घ्यावी लागेल.

'मेंदू तल्लख करणाऱ्या' मोबाइलवरील खेळांविषयीही दोन शब्द. २०१० मध्ये एड्रियन ओवेन यांनी ११,४३० व्यक्तींवर केलेल्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात माणसे त्या-त्या खेळात तरबेज झाली, पण इतर बौद्धिक कामांत त्याचा फायदा दिसला नाही. त्या खेळांवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे मत आहे.

मग रात्री विसरले जाणारे ते पहिले पान? आपण ते पुन्हा वाचतो. वाचताना ते ओळखीचे वाटते आणि 'आले' असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवले, की उतारा पुन्हा-पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवते. परंतु आठवड्यानंतर, न पाहता आठवून लिहिणारेच पुढे असतात. आठवताना जी ओढाताण होते, तीच उपयोगाची. तेव्हा एक पान वाचा, पुस्तक मिटा आणि चुलीपाशी बसलेल्या आईला किंवा सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीला ते सांगा. जेथे अडखळाल तेथेच पुन्हा पाहा. कीर्तनकार निरूपणाची तयारी याहून फार वेगळी करीत नाही.

४.२.४ झोप, चालणे, माणसे

दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते. हंगामात झोप आधीच तुटलेली असते. तीत आणखी कपात करून अभ्यास करणे म्हणजे पेरलेले उकरून काढणे होय. त्या दिवसांत पहाटेचा अर्धा तास पुरे, आणि पुरेशी झोप झाली नसेल तर तोही सोडावा.

चालण्याविषयी २०११ चा एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध आहे. १२० वयस्कांपैकी ज्यांनी आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे वेगाने चालण्याचा व्यायाम वर्षभर केला, त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला. हा सल्ला मुख्यतः गल्ल्यावर, शिलाई यंत्रावर किंवा कार्यालयात बसून काम करणाऱ्यांसाठी. दिवसभर वाकून मिरची तोडणाऱ्या बाईला 'व्यायाम करा' असे सांगणे ही थट्टा होईल. तिला पाठ टेकण्याची गरज आहे.

माणसांत मिसळणे ही तिसरी गोष्ट. भजनी मंडळ, बचत गटाची बैठक, सप्ताहातील पंगतीची व्यवस्था यांत ऐकणे, आठवणे, समजून घेणे, प्रसंगी वाद मिटवणे सारे येते.

येथे एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. सतत दोन आठवडे उदास वाटणे, झोप-भूक उडणे, कशातच रस न उरणे, जगणे नकोसे होणे ही आजाराची लक्षणे असू शकतात. अशा व्यक्तीला 'चाल, वाच, मन गुंतव' एवढेच सांगितले, तर तिच्या दुःखात अपराधीपणाची भर पडते. नापिकी आणि कर्ज यांचा भार सवयींनी हलका होत नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही. हा क्रमांक पुस्तकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. कदाचित तुमच्यापेक्षा शेजाऱ्याला त्याची गरज लागेल.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
अ) पुन्हा वाचणे आणि न पाहता आठवणे यांच्या परिणामांतील फरक सांगा.
आ) तुमच्या कामाच्या स्वरूपानुसार झोप, चालणे व विश्रांती यांपैकी कशाला प्राधान्य द्याल? कारणे द्या.

४.३ उपक्रम

तुमच्या घरातील किंवा गल्लीतील साठीपुढच्या एका व्यक्तीकडून, तुम्हाला ठाऊक नसलेली एक ओवी, गवळण किंवा दिडकीचा पाढा तोंडी शिका. पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी न पाहता म्हणून दाखवा. कोठे अडलात, ते वहीत तारखेसह नोंदवा. मोबदल्यात त्या व्यक्तीला जे येत नाही असे काही, सही, फोनवरील अंक किंवा एसटीच्या पाटीवरील गावाचे नाव, शिकवा आणि तिचीही नोंद त्याच पद्धतीने ठेवा. दोन्ही नोंदी संपर्कसत्राला येताना सोबत आणा.