फिरस्त्यांच्या देशात जाण्याआधी : सहलीच्या तयारीतून परिसर अभ्यास

इयत्ता : चौथी व पाचवी
कोणासाठी : पालक आणि शिक्षक
साहित्य : जगाचा नकाशा, शालेय दिनदर्शिका, कोरा कागद, दोन रंगांचे खडू



परदेश सहल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुबई नाहीतर सिंगापूर येतं. पण महाराष्ट्रातली अनेक मुलं आज किर्गिझस्तानात वैद्यकीय शिक्षण घेत आहेत. त्यांना भेटायला घरचे निघतात, सोबत शाळकरी भावंडंही असतात. पासपोर्ट, व्हिसा, गरम कपडे यांची तयारी मोठी माणसं करतातच. व्हिसाचे नियम बदलतात, म्हणून ते वकिलातीच्या संकेतस्थळावरच पाहा. मुलांची तयारी मात्र आपण करून घ्यायची आहे, आणि ती घरबसल्या होते.

1. नकाशा

आधी नकाशात किर्गिझस्तान शोधायला सांगा. राजधानी बिश्केक. देशाला समुद्र नाही, बहुतेक भाग डोंगराळ. क्षेत्रफळ सुमारे 2 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश. लोकसंख्या साधारण 70 लाख. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास पुढे! हे ऐकून मुलांना गंमत वाटते.

गिरीजचं मूल वाड्या, विहिरी, बावखलं बघत मोठं होतं. इथे घर एका जागी आणि पाणी घराजवळ. तिथल्या डोंगरात परंपरेने गवत जिथे, तिथे घर. हा फरक मुलांनाच सांगू द्या.

2. घर

किर्गिझ लोकांचं पारंपरिक घर म्हणजे गोल तंबू. त्याला ते 'बोझ-उय' म्हणतात, बाहेर तो 'युर्त' म्हणून ओळखला जातो. लाकडी जाळीच्या भिंती, वर लोकरीच्या नमद्याचं आवरण. सगळं सुटं करून जनावरांवर लादता येतं. छताच्या मध्यावर धूर जाण्यासाठी आणि उजेड येण्यासाठी गोल चौकट असते, ती 'तुंदुक'. त्यांच्या राष्ट्रध्वजावरच्या सूर्यात हाच तुंदुक आहे. त्या सूर्याला 40 किरणं, 40 टोळ्यांची.

मुलांना विचारा : फिरत्या घराचा भाग एखादा देश ध्वजावर का लावत असेल?

3. शब्द

"कुठे भटकत होतास?" असं आपण रागावून विचारतो. 'भटका' म्हणजे कामधंदा नसलेला, हे मुलांच्या मनात तिथूनच बसतं. प्रत्यक्षात पशुपालकांची वाट ठरलेली असते. ऋतू, गवत, पाणी यांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या पाठ असतो. किर्गिझ भाषेत या स्थलांतराला 'कोच' म्हणतात. इतिहासाच्या पाठात "फौजेने कूच केले" असं आपण शिकवतो, त्या 'कूच'चं मूळही तुर्की भाषाकुळातल्या याच शब्दात आहे. तो फारसीतून मराठीत आला. शब्दसुद्धा फिरस्ते असतात!

4. दोन दिनदर्शिका (मुख्य कृती)

कागदावर मोठं वर्तुळ काढा आणि बारा महिने लिहा. एका रंगाने किर्गिझ मेंढपाळाचं वर्ष भरा. साधारण जूनमध्ये तो कळप घेऊन उंचावरच्या कुरणावर, म्हणजे 'जाइलो'वर जातो आणि सप्टेंबरात खाली उतरतो. तिथली शाळा सप्टेंबरात सुरू होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल आजी-आजोबांसोबत कुरणावर राहू शकतं आणि शाळेच्या वेळेला परतू शकतं.

आता दुसऱ्या रंगाने आपल्याकडच्या मेंढपाळाचं वर्ष भरा. पुणे, अहिल्यानगरकडचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात. घोड्यांवर संसार, मागे मेंढ्या. कापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवतात. शेताला लेंडीखत मिळतं, त्यांना धान्य किंवा पैसे. पावसाळ्याच्या तोंडावर ते परत घाट चढतात. आणि आपली शाळा? जूनमध्ये सुरू, एप्रिल-मेमध्ये संपणार. म्हणजे कुटुंब वाटेवर असतं नेमकं तेव्हाच शाळा भरलेली असते.

वर्तुळ पूर्ण झालं की मुलं स्वतःच म्हणतात, "मग तो शाळेत कधी जाणार?" या पाठाचा गाभा हाच आहे. "त्यांना शिक्षणाची आवडच नसते" असं आपण मोठी माणसं सहज बोलून जातो. कागदावर मात्र वेगळं दिसतं. दिनदर्शिका एका जागी राहणाऱ्यांना धरून केलेली आहे.

याच वर्तुळावरून सहलीचाही निर्णय घ्या. आपल्या मेच्या सुट्टीत उंच कुरणं अजून रिकामी असतात, दिवाळीत ती थंडीने रिकामी झालेली असतात. कुरणावरचं जीवन बघायचं तर जूनचा पहिला पंधरवडा त्यातल्या त्यात सोयीचा.

5. पाहुणा म्हणून वागणं

- युर्तमध्ये बूट काढून जावं, उंबऱ्यावर पाय देऊ नये.
- दारासमोरची आतली जागा मानाची. यजमान बसवतील तिथे बसावं.
- रोटी उलटी ठेवू नये, टाकू नये. आपण अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतो, तसंच समजा.
- 'कुमिस' हे घोडीचं आंबवलेलं दूध. त्यात थोडा मद्यांश असतो, म्हणून मुलांना देऊ नये. घोड्याचं मांसही खाल्लं जातं. चालत नसेल तर नम्रपणे नाही म्हणावं, "शी!" म्हणू नये.
- सोन-कुल सरोवर सुमारे 3,000 मीटर उंचीवर आहे. आपण समुद्रकाठचे, म्हणून आधी एक-दोन रात्री इस्सिक-कुलच्या (सुमारे 1,600 मीटर) काठी राहावं. वर जुलैतही रात्री थंडी असते.
- फोटो विचारूनच काढावा.

शेवटचा नियम इथेही लागू आहे. रस्त्याकडेला पाल दिसलं की आपण गाडीतूनच मोबाइल धरतो.

6. 31 ऑगस्ट

31 ऑगस्ट 1991 रोजी किर्गिझस्तान स्वतंत्र झाला. आपल्याकडे 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो 1952 मध्ये या दिवशी पुसला गेला, कागदावर तरी. या दिवशी वर्गात दोन्ही गोष्टी एकत्र सांगता येतील. पालकांनी त्याआधी लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (1980) जरूर वाचावं.

शिक्षकांसाठी

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी मुलाला वर्गात बसवायचंच, तेही वयानुरूप वर्गात. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. निघताना ते हातात द्या आणि नवीन मूल आलं तर मागून घ्या. डिसेंबरात एखादं मूल चार महिन्यांसाठी वर्गात आलं, तर त्याला पुढे बोलवा आणि ते कुठून कुठून चालत आलं ते नकाशावर दाखवायला सांगा. परिसर अभ्यासाचा तो तास त्यालाच घेऊ द्या.

घरी विचारण्यासाठी प्रश्न

1. तुझं घर घोड्यावर लादायचं असेल तर कोणत्या दहा वस्तू घेशील?
2. आपल्या कुटुंबातलं कोण कोण गाव सोडून आलं? का?
3. शाळेच्या सुट्ट्या तू ठरवल्यास तर मेंढपाळाच्या मुलासाठी काय बदलशील?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वहीत लिहून घ्या आणि आम्हालाही जरूर कळवा.