सारफथची विधवा आणि सुदानची चूल

शास्त्रवाचन : १ राजे १७:८–१६, लूक ४:२५–२६, प्रेषितांची कृत्ये ८:२६–३९



या तिमाहीच्या अभ्यासासाठी आपण सुदान देश घेतला आहे. आपल्या मंडळीत त्याचे नाव क्वचितच निघते. मात्र आज जगात सर्वाधिक माणसे घरातून उठवली गेली आहेत ती याच देशात.

शास्त्रातला शेजारी

पवित्र शास्त्रात ज्याला कूश म्हटले आहे, त्या प्रदेशाचा मोठा भाग आजच्या सुदानात येतो. फिलिप्पाने ज्याला रथात बसून वचन समजावले, तो कांदके राणीचा अधिकारी याच राज्याचा होता. त्या राज्याची राजधानी मेरोवे नाईल नदीच्या काठी होती. पुढे सहाव्या शतकात तिथल्या नूबियन राज्यांनी ख्रिस्ती विश्वास स्वीकारला आणि तो कित्येक शतके टिकला. आज सुदानात बहुसंख्य लोक मुस्लीम आहेत आणि ख्रिस्ती अल्पसंख्य.

आपले आणखी एक नाते ताटातले आहे. ज्वारी मूळची आफ्रिकेतली, आणि पूर्व सुदानात तिच्या लागवडीच्या फार जुन्या खुणा सापडल्या आहेत. तिथली रोजची किस्रा म्हणजे आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची पातळ भाकरी.

आदिवासींमध्ये काम करणाऱ्या आपल्याला तिसरे नातेही ठाऊक असावे. २०२३ मध्ये तिथे अडकलेल्या भारतीयांत कर्नाटकातील हक्की-पिक्की या आदिवासी समाजाची माणसे होती. हा मूळचा पक्षी पकडणारा समाज. जडीबुटीची औषधे विकायला ते तिथवर गेले होते आणि काही जण एल फाशर शहरात अडकले होते. भारत सरकारने ‘ऑपरेशन कावेरी’ राबवून ३,८०० हून अधिक लोकांना मायदेशी आणले. आपली माणसे परत आली आणि सुदानची बातमी आपल्यापुरती संपली. तिथल्यांसाठी ती नुकती सुरू झाली होती.

युद्ध कोणाचे?

२०१९ मध्ये जनतेच्या आंदोलनानंतर ओमर अल-बशीर यांची तीस वर्षांची सत्ता गेली. लोकांना लोकशाही हवी होती. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. लष्करप्रमुख जनरल बुरहान आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ या निमलष्करी दलाचे प्रमुख हेमेदती हे दोघे त्यात एकत्र होते. दीड वर्षात त्यांचे बिनसले आणि १५ एप्रिल २०२३ रोजी राजधानी खार्टूममध्येच लढाई पेटली.

‘आफ्रिकेत टोळ्या भांडतात’ असे म्हणून हा विषय मिटवणे सोपे आहे. आपण तसे म्हणू नये. आदिवासींबद्दल असे एका वाक्यात निकाल देणारे लोक आपण पाहिलेले आहेत. या युद्धाच्या मुळाशी सत्ता, सोन्याच्या खाणी आणि बाहेरून येणारी शस्त्रे आहेत. जमातीचा द्वेष त्यात हत्यार म्हणून वापरला जातो. २०२३ मध्ये पश्चिम दारफुरमधील अल जेनिना येथे मसालित जमातीच्या लोकांना वेचून मारण्यात आले. वाचलेले सीमा ओलांडून चाड देशातील आद्रे गावी पोहोचले.

सुमारे पाच कोटींच्या या देशात एक कोटीहून अधिक माणसे बेघर झाली. खार्टूमचे ऑल सेंट्स कॅथेड्रल निमलष्करी दलाने ताब्यात घेतले आणि आर्चबिशप इझिकेल कोंडो यांना पोर्ट सुदानला आश्रय घ्यावा लागला. मशिदी, बाजार आणि रुग्णालयेही वाचली नाहीत.

दुष्काळ म्हणजे काय?

‘दुष्काळ’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोरडे आभाळ येते. सुदानातली उपासमार मुख्यतः माणसाने घडवली आहे. दोन नाईल नद्यांच्या मधला गेझिरा हा पाटपाण्याचा सुपीक प्रदेश. तिथवर युद्ध पोहोचले तेव्हा शेतकरी पळाले, बियाणे आणि ट्रॅक्टर लुटले गेले.

दुष्काळ जाहीर करण्याचे आंतरराष्ट्रीय निकष कडक आहेत. दर पाचांपैकी एका घरात खायला जवळजवळ काहीच नसावे, दर दहा बालकांपैकी तीन तीव्र कुपोषित असावीत, आणि दर दहा हजारांमागे रोज दोन माणसे भुकेने वा भूक आणि रोगाने मिळून मरत असावीत. आपल्या पाड्यांवर दंडाचा घेर मोजून कुपोषित मूल शोधणाऱ्या ताईंना या आकड्यांचा अर्थ सांगावा लागणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये एल फाशरजवळच्या झमझम छावणीत असा दुष्काळ असल्याचे जाहीर झाले. त्या शहराला दीड वर्ष वेढा होता. लोक ‘अंबाझ’, म्हणजे शेंगदाण्याची पेंड, खाऊन राहिले. आपल्याकडे ती गुरांपुढे ठेवतात. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस शहर पडले आणि मोठा नरसंहार झाला.

चूल कोणी पेटवली?

मदत संस्थांची वाहने वाटेत अडली, अनेक परदेशी कर्मचारी देश सोडून गेले. तेव्हा गल्लीतल्या तरुणांनी आणि बायकांनी चूल मांडली. ‘आपत्कालीन प्रतिसाद कक्ष’ या नावाने वस्तीवस्तीत गट उभे राहिले. सुदानात ‘नफीर’ नावाची जुनी रीत आहे. एकाच्या शेतात किंवा घराच्या कामाला सारा गाव हात लावतो. आपल्या गावांतल्या सावडीसारखीच ती. त्या रीतीवर ही स्वयंपाकघरे उभी राहिली. मोठ्या भांड्यात मसूर किंवा घेवड्याच्या दाण्यांची आमटी शिजते, मुले डबे घेऊन रांगेत उभी राहतात. परदेशातले नातेवाईक मोबाईलवरून पैसे पाठवतात. काही स्वयंसेवकांना दोन्ही बाजूंनी पकडले, काहींना ठार केले. २०२५ मध्ये या गटांना ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला.

वचनाचा धडा

सारफथ सीदोनाच्या मुलखात होते, आणि ईजबेल राणी त्याच मुलखातली. तिथे देव एलीयाला पाठवतो, तेही भरल्या घरी नाही. मूठभर पीठ आणि थोडे तेल उरलेल्या विधवेकडे तो जातो. ती आपली स्थिती लपवत नाही. हे शेवटचे जेवण, मग मरण, असे ती स्पष्ट सांगते. तरीही ती पहिली भाकरी पाहुण्याला देते. प्रभू येशूने नासरेथात या परक्या बाईची आठवण काढली, तेव्हा ऐकणारे संतापले. देवाचे काम आपल्या कुंपणाबाहेरही चालते, हे त्यांना सोसवले नाही.

सुदानच्या चुलीजवळ बसलेली बाई बहुधा मुस्लीम आहे, आणि तिच्या घरीही पीठ संपत आले आहे. उपकार करणारे आपण आणि घेणारी ती, अशी मांडणी इथे टिकत नाही. देण्यात ती आपल्या पुढे आहे.

पण तिचे कौतुक करून आपण मोकळे होऊ शकत नाही. सारफथात मडके रिकामे झाले नाही, कारण देवाने ते भरते ठेवले. सुदानात मडकी रिकामी झाली. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली आणि एक हजाराहून अधिक सामुदायिक स्वयंपाकघरे बंद पडली. विधवेचा विश्वास कमी पडला नव्हता. देणाऱ्यांनी हात आखडला होता. देव मडके भरतो ते पुष्कळदा माणसांच्या हातांनी, आणि ते हात आपलेही आहेत.

आपल्या पाड्यांवरील कामालाही हाच नियम लावावा. मदत घेऊन जाण्यापूर्वी विचारावे : इथे आधीपासून कोण चूल पेटवते आहे? तिच्या हाती आपण बळ देतो आहोत, की तिला बाजूला सारतो आहोत?

गटचर्चेसाठी

१. विधवेने आपली गरज आणि आपले दान, दोन्ही लपवले नाही. आपल्या मंडळीत गरीब घरांच्या दानाला मान मिळतो का?
२. लूक ४ मधील लोक कशामुळे रागावले? तो राग आपल्यात कुठे दिसतो?
३. आपल्या गावात किंवा पाड्यावर अडचणीच्या काळात सर्वांत आधी कोण धावून येते? त्यांना आपण कशी साथ देऊ?

प्रार्थनेचे विषय

• दोन्ही सेनापतींची मने वळावीत आणि शस्त्रे पुरवणाऱ्यांचे हात थांबावेत.
• एल फाशरमधून निघालेल्या, ताटातूट झालेल्या कुटुंबांची भेट व्हावी.
• विखुरलेल्या सुदानी मंडळ्या आणि त्यांचे पाळक यांना धीर मिळावा.
• चुलीजवळच्या स्वयंसेवकांचे रक्षण व्हावे, आणि त्यांची मडकी भरण्यात आपला वाटा असावा.