चिनी मालिकेची आवड आणि सटवीचा लेख

जालना



देव, दानव आणि माणूस यांच्या लोकांत फिरणाऱ्या चिनी अद्भुतकथांना त्या भाषेत 'शियानशिया' म्हणतात. 'शियान' म्हणजे साधनेने अमरत्व मिळवलेला आणि 'शिया' म्हणजे शब्दाला जागणारा शूर. या कथांत ताओ पंथाची साधना, बौद्धांचा कर्मविचार आणि जुन्या चिनी दंतकथा एकत्र येतात. त्यांच्या मध्यभागी बहुधा एक प्रेमकथा असते आणि ती एका जन्मात पुरी होत नाही. दूरचित्रवाणीवर हा प्रकार 2005 च्या 'चायनीज पॅलाडिन' या मालिकेने लोकप्रिय केला. तिचा आधार 1995 मधला एक तैवानी संगणक-खेळ होता. 2017 ची 'इटर्नल लव्ह' ही मालिका 58 भागांची होती. 2020 मध्ये चिनी सरकारने मालिका 40 भागांच्या आत आटोपाव्यात अशी सूचना काढली आणि त्यानंतर कथांचा पसारा आवरता झाला.

'लव्ह बिट्वीन फेअरी अँड डेव्हिल' ही अशीच 36 भागांची मालिका. मूळ नाव 'त्सांग लान च्युए'. ज्युलू फेइशियांग या लेखिकेच्या कादंबरीवर ती बेतलेली असून ऑगस्ट 2022 मध्ये ती प्रसारित झाली आणि नेटफ्लिक्समुळे चीनबाहेर पोहोचली. शियाओ लानहुआ ही ऑर्किडच्या रोपातून जन्मलेली, कमी दर्जाची समजली जाणारी देवकन्या. भाग्यदेवतेच्या दालनात माणसांचे भाग्यग्रंथ सांभाळणे आणि फाटलेले दुरुस्त करणे हे तिचे काम. चंद्रवंशाचा अधिपती दोंगफांग छिंगत्सांग हजारो वर्षे एका मनोऱ्यात कैद असतो. तिच्या हातून तो चुकून जागा होतो आणि एका मंत्राने दोघे बांधले जातात. तिला जखम झाली की वेदना त्यालाही होते, ती दुःखी झाली की ते दुःख त्याच्याही छातीत उतरते. बापाने लहानपणीच त्याच्या मनातल्या सगळ्या भावना उपटून टाकल्या आहेत. त्याच्या मनातले भावनांचे झाड वठलेले आहे. म्हणून डोळ्यांत पाणी का आले हे त्याला कळत नाही. आपल्याला काही इजा झाली असावी असेच त्याला वाटते. पुढे त्या वठलेल्या झाडाला पालवी फुटते. यू शूशिन आणि वांग हेदी यांनी या भूमिका केल्या आहेत, आणि मालिकेची सगळी ओढ या एका पालवीत आहे.

जालना जिल्ह्यातल्या परतूरच्या किंवा मंठ्याच्या घरात अशी मालिका मोबाइलवर पाहणाऱ्या मुलीला मोठी माणसे हमखास विचारतात, 'ते चिन्यांचं काय पाहत बसतेस? आपलं काय कमी आहे?' मुलगी गप्प बसते आणि कानात इयरफोन घालून पांघरुणाखाली पुढचा भाग लावते. आवड अशी लपवली की ती वाढत नाही आणि तिला वळणही लागत नाही. वास्तविक या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते मालिकेच्या शब्दांतच दडलेले आहे.

नायकाचे मुख्य अस्त्र म्हणजे एक सर्वभक्षक आग. इंग्रजी अनुवादात ती नरकाची आग होते. मूळ चिनी शब्द आहे 'येहुओ'. त्यातला 'हुओ' म्हणजे आग आणि 'ये' हा संस्कृत 'कर्म' या शब्दासाठी चिनी बौद्ध अनुवादकांनी योजलेला शब्द. ती आग कर्माची आहे. शियानशिया मालिकांत देव मर्त्यलोकात जन्म घेऊन दुःख भोगतात, त्या भोगाला 'जिए' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'कल्प' या शब्दाच्या चिनी उच्चाराचे आखूड रूप आहे. दानवांसाठीचा 'मो' हा शब्द बुद्धाला ध्यानातून ढळवू पाहणाऱ्या 'मार' या नावावरून आला. चिनी भाषेत अगदी छोट्या काळाला 'छाना' म्हणतात, तो आपला 'क्षण'. म्हणजे ही मालिका पाहताना मराठी कानावर घरचेच शब्द पडत असतात. दीड-दोन हजार वर्षांच्या प्रवासात त्यांचा वेश बदलला, एवढेच.

ज्या बौद्ध जगातून हे शब्द चीनला गेले, त्यातली एक वाट जालना जिल्ह्याच्या अंगणातून जाते. भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख आहे. 1970 च्या दशकात तिथे झालेल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत सापडलेल्या प्रसिद्ध भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. व्यापारी आणि भिक्षू एकाच वाटेने चालत, एकाच लेण्यात मुक्काम करीत. जिल्ह्याच्या उत्तर अंगाला अजिंठ्याचे डोंगर आहेत. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात मार आणि त्याच्या सेनेने बुद्धावर केलेली चाल दगडात कोरलेली आहे. ज्याच्या नावावरून चिनी मालिकेतल्या दानवांना नाव मिळाले, तो मार जालन्याहून एका दिवसात पाहून परत येता येईल इतका जवळ उभा आहे.

उलट दिशेनेही माणूस आला होता. ह्युएन त्सांग हा चिनी भिक्षू 641 च्या सुमारास महाराष्ट्रात आला तेव्हा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे वर्णन त्याने केले. इथल्या डोंगरातल्या ज्या विहाराविषयी त्याने लिहिले, तो अजिंठाच असावा असे मानले जाते. त्याच्या या प्रवासाभोवती चीनमध्ये दंतकथा जमत गेल्या आणि सोळाव्या शतकात त्यांतून 'पश्चिमेची यात्रा' ही अद्भुत कादंबरी तयार झाली. आजच्या चिनी अद्भुत मालिका ज्या परंपरेत वाढल्या, तिचा हा एक मोठा स्तंभ आहे.

मराठी मुलुखाला स्वतःची अद्भुतकथाही आहे. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांच्या कडेने वाहणाऱ्या गोदावरीच्या काठावरच पैठण आहे, आणि परंपरेनुसार पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारी गुणाढ्य हा कथाकार होता. त्याने पैशाची भाषेत 'बृहत्कथा' रचली. परंपरा सांगते की राजाने ती नाकारली तेव्हा गुणाढ्याने रानात आग पेटवली, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवले आणि जाळले. सात लाख श्लोकांपैकी सहा लाख जळाले, एक लाख वाचले. ती वाचलेली कथा नरवाहनदत्ताची. तो माणूस असून विद्याधरांचा सम्राट होतो. हे विद्याधर विद्येच्या बळावर आकाशात फिरतात, शाप भोगतात, जन्म बदलतात आणि माणसांच्या प्रेमात पडतात. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला तो याच कथेच्या आधारावर. छपाईच्या काळात लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 मध्ये आली, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' त्याच दशकात आली, आणि मराठी कादंबरीची सुरुवातीची पुष्कळ पावले अद्भुताच्या वाटेवर पडली. 1952 पासून मराठीत निघालेल्या 'चांदोबा' मासिकाने विक्रम-वेताळ घरोघर नेला. आज जी आजी 'चिन्यांचं काय पाहतेस' म्हणते, तिने लहानपणी कदाचित 'चांदोबा'चा अंक असाच पांघरुणात वाचलेला असेल.

लोकाचारात तर साम्य याहूनही जवळचे आहे. शियाओ लानहुआ भाग्यग्रंथ सांभाळते; मराठवाड्यातल्या घरात भाग्य लिहायला सटवाई येते. मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडतात, दिवा रात्रभर तेवत ठेवतात आणि शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहिते, अशी श्रद्धा आहे. 'सटवाई' किंवा 'सटवी' हे नावच 'षष्ठी' या देवीच्या नावावरून आले. सकाळी कागद कोराच असतो, तरी दर पाचवीला तो ठेवला जातो. दोन्हीकडच्या कल्पनेत फरक एवढाच की सटवीचा लेख कोणाला वाचता येत नाही आणि पुसता येत नाही. चिनी कथेतला भाग्यग्रंथ मात्र फाटतो, आणि एक साधी देवकन्या तो जोडायला बसते. नशीब दुरुस्त करता येईल का, हा प्रश्न त्या कथेने विचारला आहे. सटवीच्या कोऱ्या कागदासमोर बसलेल्या बाळंतिणीच्या मनातही तोच प्रश्न असतो.

आवडीला पारखही लागते. घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी 'दासबोधा'च्या चौदाव्या दशकात कवित्वाचे ढीट, पाठ आणि प्रासादिक असे प्रकार सांगितले आहेत. मनात आले ते धिटाईने रचून टाकले ते ढीट. पुष्कळ ग्रंथ पाहून त्यांच्यासारखे उतरवले ते पाठ. आतून, प्रसादाने आले ते प्रासादिक. ही फूटपट्टी मालिकेलाही लावता येते. अनेक शियानशिया मालिका 'पाठ' या वर्गात बसतात. तीच स्मृती हरवलेली नायिका, प्रेमाच्या त्रिकोणातली तीच मत्सरी देवकन्या, बर्फाळ डोंगरावरचा तोच निरोप. भावनांचे झाड आणि ते वठवणारा बाप हा प्रसंग मात्र त्या वर्गात मावत नाही. एखादा प्रसंग का भिडला हे पाहणाऱ्याने स्वतःला विचारावे आणि उत्तर दोन ओळींत मराठीत लिहून ठेवावे. जे सांगता येते तेवढेच खरे आपले झालेले असते.

प्रेमाच्या बाबतीत या कथांतून काय घ्यावे आणि काय सोडावे हेही ठरवले पाहिजे. नायक सुरुवातीला क्रूर असतो, धमकावतो, कोंडून ठेवतो, आणि नायिकेच्या चांगुलपणामुळे बदलतो. कथेत हे घडते कारण तिची वेदना मंत्राने त्याच्या अंगात उतरते. खऱ्या आयुष्यात असा मंत्र नाही. दुसऱ्याचे दुखणे आपल्याला सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि सांगूनही जो ऐकत नाही त्याच्या मनातले झाड कोणा मुलीच्या सहनशीलतेने पालवत नाही. ज्याच्या बोलण्यात धाक आहे त्याच्यापासून दूर व्हावे, घरच्यांना सांगावे. शियाओ लानहुआकडून घ्यायचा गुण वेगळा आहे. कमी लेखले तरी ती आपले काम नेकीने करते आणि चुकीला चूक म्हणायला कचरत नाही.

वेळेचा हिशोब साधा आहे. 36 भाग, प्रत्येकी सुमारे 40 मिनिटे, म्हणजे 24 तास. 'इटर्नल लव्ह'चे 58 भाग 45 मिनिटांचे धरले तर साडेत्रेचाळीस तास. हा वेळ रात्री एक वाजता झोपेतून काढला तर परीक्षा, डोळे आणि स्वभाव तिन्हींकडून त्याची वसुली होते. रोज एक भाग, जेवणानंतर, दिवा लावून, सगळ्यांसमोर पाहावा. 36 भागांची मालिका 36 दिवसांत संपते आणि कोणाला काही लपवावे लागत नाही. चोरून उतरवलेल्या प्रतींच्या दुव्यांवर बोट लावू नये. त्यांतून मोबाइलमध्ये व्हायरस शिरू शकतो आणि कलावंतांच्या कष्टाचा पैसा भलत्याच्या खिशात जातो. हिंदी आवाजात पाहणे सोपे असले तरी एखादा भाग मूळ आवाजात ऐकावा. 'येहुओ', 'जिए', 'मो' हे शब्द कानाने टिपावेत. परकी भाषा शिकण्याची सुरुवात अशाच आवडीतून होते.

परक्या कथेवर प्रेम करणाऱ्याची मुळे तुटत नाहीत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथल्या जखमींवर उपचार करता करता 1942 मध्ये तिथेच वारले. आजही चीनमध्ये त्यांची आठवण आदराने काढली जाते आणि सोलापूर त्यांना आपलाच मुलगा म्हणते. ज्याला दुसऱ्याचे जिवाभावाचे वाटते, त्याला आपले अधिक नीट दिसू लागते.

म्हणून मालिका पाहून झाल्यावर एक काम जरूर करावे. आजीजवळ बसावे, तिच्या पाचवीला कोणी काय मांडले होते, सटवाईची कोणती गोष्ट तिच्या आईने सांगितली होती, ते विचारावे आणि एका वहीत लिहून काढावे. गुणाढ्याची सहा लाख श्लोकांची कथा जळून गेली. घराघरांतली आजींची कथा न जळताही दरवर्षी थोडी थोडी जात आहे. ती ज्या हाताने लिहिली जाईल त्या हाताने मोबाइलवर चिनी मालिकाही जरूर लावावी.