कथलाच्या केसांचा धोका

प्रश्न : आमच्या नियंत्रण-कार्डांना वीस वर्षे टिकावे लागते. सुटे भाग बहुतेक शिसेमुक्तच मिळतात. सोल्डर शिसेवाले ठेवले तर चालेल ना?

उत्तर : तेवढ्याने भागणार नाही. खरा धोका भागांच्या पायांवरच्या शुद्ध कथलाच्या मुलाम्यात आहे. आतल्या ताणामुळे त्यातून केसांहून बारीक, वीजवाहक तंतू वाढतात आणि शेजारच्या पायाला टेकून शॉर्ट करतात. १९९८मध्ये गॅलक्सी-४ उपग्रह निकामी होऊन अमेरिकेतले कोट्यवधी पेजर बंद पडले, तेव्हा ठपका याच तंतूंवर आला. मुलाम्यात किमान ३ टक्के शिसे असले, की ही वाढ बहुतांशी रोखली जाते. खरेदीच्या ऑर्डरमध्ये तसे लिहा आणि आलेला माल एक्स-रे फ्लुरोसन्सने तपासा. पुरवठादाराच्या कागदावर अजिबात विसंबू नका. दुसरी अडचण बीजीएची, म्हणजे तळाशी सोल्डरचे गोळे असलेल्या चिपांची. त्यांचे शिसेमुक्त गोळे सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळतात, तुमचे सोल्डर १८३ला. दोन्ही नीट मिसळले नाहीत तर सांधा कच्चा राहतो, म्हणून ते गोळे आधी बदलून घ्या.