परगावी बिऱ्हाड करताना : मावळ-लोणावळ्याचा धडा

व्यापारी आणि कारागीर यांच्यावर गाव बदलण्याची पाळी कधी ना कधी येतेच. एकाच गल्लीत चार शिंप्यांची दुकाने होतात, भावाभावांत गाळ्याची वाटणी होते, शहरातले भाडे परवडेनासे होते, आणि मग माणूस दुसरीकडे नजर टाकतो. पुणे-मुंबईच्या वाटेवरचा मावळ तालुका आणि त्यातले लोणावळे या दृष्टीने अनेकांना खुणावते. फर्निचर, वेल्डिंग, गादीकाम, शिवणकाम, बेकरी, गॅरेज, रंगकाम अशा कामांना तिथे मागणी आहे. जाऊ इच्छिणारा पहिला प्रश्न विचारतो, "तिकडे घर मिळेल का?" आमच्या मते हा प्रश्न दुसरा आहे. तिकडे आपल्या ओळखीचे कोण, हा पहिला. आणि ओळखीचे म्हणजे केवळ आपल्या समाजाचे नव्हे.

लोणावळे हे मुळात बाहेरून आलेल्यांनी वाढवलेले गाव आहे. बोरघाटातून रेल्वे नेण्याचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली घाट खुला झाला. ऐन भरात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर या कामावर राबत होते. पुढे रेल्वेची वसाहत झाली, टाटांची धरणे झाली, १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले, १९२४ साली कैवल्यधाम आले, १९४५ साली नौदलाची आयएनएस शिवाजी आली. प्रत्येक वेळी नवी माणसे आली आणि त्यांच्या गरजा भागवणारा दुकानदार त्यांच्यामागून आला. आज गावाची ओळख असलेली चिक्की ज्या मगनलाल नावाने गाजली ते घराणे अग्रवालांचे. आडनावच सांगते की मूळ पुरुष मावळातला नसावा. घाटातल्या मजुरांना गूळ-दाण्याचा स्वस्त खाऊ विकण्यापासून या धंद्याची सुरुवात झाली असे सांगतात. बाजारातला फजचा व्यवसाय पारशी कूपरांचा. ही मंडळी केवळ आपल्या जातभाईंना माल विकत बसली असती तर पहिल्या वर्षीच त्यांना दुकान बंद करावे लागले असते. आलेल्या प्रत्येकाला काय हवे हे त्यांनी पाहिले.

तळेगाव दाभाडे येथील पैसा फंड काच कारखान्याची गोष्टही लक्षात ठेवावी. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून १९०८ साली तो उभा राहिला. पहिले जाणकार ईश्वरदास वार्ष्णेय हे उत्तर हिंदुस्थानातून आलेले. येथे शिकलेले कारागीर पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले. हुनर हाती असला की गाव माणसाला सामावून घेते, आणि माणूसही गावाला काही देऊन जातो.

आता जागेचा विचार. मावळ म्हणजे एकच बाजार असे समजू नये. पुण्याहून लोकल निघाली की देहूरोडनंतर बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली आणि शेवटी लोणावळे अशी स्थानके लागतात. तळेगावात कारखाने आणि नवी गृहसंकुले, वडगावात तहसील आणि न्यायालय, कामशेतला आसपासच्या खेड्यांचा बाजार, लोणावळ्यात पर्यटक आणि बंगले. बंगल्यांची दुरुस्ती करणाऱ्या सुताराचे गिऱ्हाईक लोणावळ्यात, तर मशिनचे सुटे भाग बनवणाऱ्याचे तळेगावात. दुकान जिथे तिथेच घर हवे, असा हट्ट धरू नये. लोणावळ्यातला घरमालक शनिवार-रविवारच्या पाहुण्यांकडून जे कमावतो ते बारमाही भाडेकरू त्याला देऊ शकत नाही, म्हणून साध्या भाड्याचे घर तिथे दुर्मिळ. मळवली, कामशेत किंवा कान्हे इथे बिऱ्हाड आणि लोकलने ये-जा, हा मार्ग पुष्कळांना परवडतो. मात्र दुपारच्या वेळी लोकलच्या फेऱ्यांत मोठी खिंड पडते. वेळापत्रक पाहून मगच ठरवावे.

एकाच गिऱ्हाइकावर किंवा एकाच कारखान्यावर भिस्त ठेवू नये, हेही इथे सांगून टाकतो. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस तेथले उत्पादन थांबले. पुढे तो ह्युंदाईने घेतला, पण मधल्या काळात केवळ त्याच कामावर अवलंबून असणाऱ्याने काय करायचे?

आमच्या अनुभवाने योग्य क्रम असा आहे. आधी एकट्याने जावे, दोन-तीन महिने कुणाकडे तरी रोजंदारीवर किंवा ठेक्यावर काम करावे. हार्डवेअरवाला, लाकडाचा वखारवाला, इलेक्ट्रिकचे सामान विकणारा, बंगल्यांचे माळी आणि रखवालदार, रिक्षावाले, ही खरी ओळखीची माणसे. कोणते घर गळते, कोणत्या भागात मे महिन्यात टँकर येतो, कोणता मालक डिपॉझिट परत करताना रडवतो, हे दलालापेक्षा तेच खरे सांगतात. वखारवाल्याने "हा माणूस माझ्याकडून माल नेतो, पैसे वेळेवर देतो" असे सांगितले तर घरमालकाचा अर्धा संशय तिथेच संपतो.

संशयाचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलू. नाव ऐकून "घर आधीच दिले" असे सांगणारे भेटतात. याचे दुःख होते आणि व्हावे. पण नाव लपवून किंवा मित्राच्या नावावर घर घेण्याचा मार्ग कधीही धरू नये. उद्या करार, पोलिसांची नोंद, बँक, शाळा, सगळीकडे तेच खोटे पुढे येते आणि मग निघून जाण्याची वेळ येते. पहिल्याच फोनवर नाव सांगावे, म्हणजे खेपाही वाचतात. गृहनिर्माण सोसायटीतले घर असेल तर मालक सोसायटीला कळवतो. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जी जादा रक्कम घेते ती सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. ती रक्कम मालकाची की आपली, हे आधीच ठरवून घ्यावे.

सर्वांत मोठी चूक होते ती पैशाच्या बाबतीत. समजा एखाद्या कारागिराकडे दीड लाख रुपये आहेत. घराचे डिपॉझिट ५०,०००, गाळ्याचे डिपॉझिट ५०,०००, दलाली आणि सामान हलवण्याचे २०,००० गेले. हाती राहिले ३०,०००. त्यात कच्चा माल घ्यायचा, पहिले गिऱ्हाईक उधारी मागणार, आणि दोन महिन्यांचे भाडे तर चुकणार नाही. असा धंदा कौशल्य नसल्यामुळे बुडत नाही, भांडवल भिंतीत अडकल्यामुळे बुडतो. पहिल्या वर्षी घर आणि गाळा यांत मिळून भांडवलाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त अडकवू नये. गरज पडली तर पहिले सहा महिने गाळाच घेऊ नये, गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन काम करावे.

काही मालक मोठे डिपॉझिट घेऊन भाडे माफ करतात. वरवर सोयीचे दिसते. पण उसन्या रकमेच्या बदल्यात घर वापरणे हा कर्जावर घेतलेला फायदा ठरतो, अशी हरकत अनेक उलेमांनी घेतली आहे. असा व्यवहार करण्यापूर्वी आपल्या मुफ्तींना विचारावे. व्यवहाराच्या बाजूनेही पाहा. एवढी मोठी रक्कम एकाच माणसाच्या मर्जीवर सोडणे शहाणपणाचे नाही.

करार तोंडी नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. अकरा महिन्यांचा करार असला तर नोंदणी लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. खर्चही थोडा. भाडे दरमहा ८,०००, डिपॉझिट ५०,००० आणि मुदत अकरा महिने धरली, तर एकूण भाडे ८८,००० आणि डिपॉझिटवर दहा टक्के दराने सुमारे ४,६०० मिळवून येणाऱ्या रकमेवर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे साधारण २३० रुपये. नोंदणी शुल्क नगरपालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. या कागदावर बँकेचे खाते, गॅस आणि पत्त्याचा पुरावा मिळतो. उलट बाजूही लक्षात असावी. मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट रक्कम भरावी लागते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात मालकासोबत स्वतः जाऊन द्यावी. लोणावळे, कामशेत, वडगाव पुणे ग्रामीण पोलिसांकडे येतात. तळेगाव २०१८ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे आहे.

चार पैसे जमताच "दोन गुंठे घेऊन टाक" म्हणणारा एजंट मावळात हमखास भेटतो. सातबाऱ्यावर ती शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. १९४८ च्या कुळकायद्याचे कलम ६३ तसे सांगते. पहिली तीन वर्षे या वाटेला न जाणेच बरे.

आता जमातीविषयी. गावात पोहोचताच जुम्याला मशिदीत जावे, इमामसाहेबांना आणि ट्रस्टच्या जबाबदार मंडळींना भेटून आपले गाव, घराणे आणि धंदा सांगावा. मुलांसाठी मकतब कुठे भरतो, आणि मयत झाली तर कोणत्या कब्रस्तानात जागा मिळेल, हे पहिल्याच महिन्यात विचारून ठेवावे. हे विचारायला लोक कचरतात. पण परक्या गावात घरात मयत झाली आणि कुणाकडे जावे हे ठाऊक नसले, तर त्या रात्रीची असहायता फार मोठी असते. वर्गणी थोडी का असेना, पहिल्या महिन्यापासून द्यावी. मदत मागायला येणारा आणि मदतीला हजर राहणारा, यांतला फरक जमात लवकर ओळखते.

परदेशी गेलेल्यांचा क्रमही याहून वेगळा नाही. पोर्तुगालच्या लिस्बन शहरात मुस्लिमांची संघटना १९६८ साली स्थापन झाली. १९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तिथून मूळची गुजराती मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने लिस्बनला आली. त्यांना बोलायला भाषा येत होती आणि भेटायला माणसे होती. शहराची मोठी मशीद मात्र १९८५ साली उघडली. इमारत मागाहून झाली, माणसांची जुळणी आधी. मावळात ती भाषा मराठी आहे. घरात उर्दू बोलावी, पण बिल, कोटेशन आणि दुकानाची पाटी मराठीत असावी. मुलांची शाळा निवडतानाही हे ध्यानात घ्यावे.

कुटुंब आणण्याची घाई करू नये, आणि फार उशीरही नको. पुरुष दिवसभर कामावर असतो. अनोळखी वस्तीत एकटी पडते ती घरची बाई. पाणी किती वाजता येते, शेजारीण कशी आहे, दवाखाना किती लांब, हे तिने पाहिलेले असावे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तळेगावकडे तो बराच कमी. उन्हाळ्यात छान दिसणारे घर जुलैत भिंतीतून पाझरते, लाकूड फुगते, गादीचा कापूस आणि कपड्यांचे तागे दमट होतात. रंगकाम आणि बांधकाम करणाऱ्यांचा तर हा बेकारीचा काळ. त्या चार महिन्यांची बेगमी उन्हाळ्यातच बाजूला काढावी. म्हणून घर पक्के करण्यापूर्वी एक फेरी भर पावसात करावी, घरातल्या बाईमाणसाला सोबत न्यावे, आणि डिपॉझिटचा चेक तिने होकार दिल्यावरच लिहावा.