किण्वपेशीतील ऊर्जेचा ताल आणि जनुके

माळव्यातील देवास शहरी सकाळच्या न्याहारीस पोहे आणि जिलबी ही जोडी रूढ आहे. जिलबीचे मैद्याचे पीठ आदल्या दिवशी भिजविले की रात्रभरात आंबून फसफसते. हे कार्य दुग्धाम्ल-जंतू आणि यीस्ट, म्हणजेच किण्व, हे सूक्ष्मजीव करतात. यांपैकी एकपेशीय किण्वास वेळापत्रकही असते, ही गोष्ट मात्र फारशी परिचित नाही.

१९६४ साली अमेरिकेतील ब्रिटन चान्स यांनी अमल घोष प्रभृती सहकाऱ्यांसह किण्वपेशींतील शर्करेच्या विघटनाचे निरीक्षण केले. ते विघटन एका संथ ओघाने न चालता लाटांप्रमाणे चढत-उतरत असल्याचे त्यांस आढळले. अशी एक लाट सुमारे मिनिटभरातच पुरी होते. जनुकाचा आदेश निघून नवे प्रथिन सिद्ध होण्यास एवढा अवधी पुरत नाही. तेव्हा हा अल्पकालीन ताल पेशीत आधीच असलेल्या एंझाइमांच्या परस्पर-नियंत्रणाचा होय.

जनुकांचा खरा संबंध येतो तो दीर्घ तालाशी. किण्वाच्या सुमारे सहा हजार जनुकांचा संपूर्ण आराखडा १९९६ साली उपलब्ध झाला होता. त्याच्या आधारे बेंजामिन टू, स्टीव्हन मॅक्नाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. पात्रातील पेशींना शर्करा अत्यंत मोजकी, पण अखंड पुरविली असता त्या सर्व एकाच वेळी प्राणवायूचे ग्रहण वाढवू व घटवू लागल्या. दर चार-पाच तासांनी हे आवर्तन होई. दर पंचवीस मिनिटांनी नमुने तपासले तेव्हा निम्म्याहून अधिक जनुके याच तालावर जागृत व सुप्त होत असल्याचे दिसले. प्राणवायूचे ग्रहण जोरात असता प्रथिननिर्मितीची जनुके कार्यरत होतात. ते ओसरताच डीएनएची प्रतिकृती व पेशीविभाजन यांची पाळी येते. त्यानंतर पेशी साठवण आणि डागडुजी यांकडे वळते.

या क्रमास सबळ कारण आहे. श्वसनाच्या ओघात प्राणवायूपासून निर्माण होणारी काही द्रव्ये डीएनएस अपाय करतात. ज्या किण्वप्रकारांत जनुकीय फेरफारामुळे हे वेळापत्रक मोडले आणि श्वसनाच्या ऐन भरातही प्रतिकृती होऊ लागली, त्यांत उत्परिवर्तनांचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे २००७ साली याच गटाने दाखविले. ताल बिघडला की पुढील पिढीच्या वारशातच चुका शिरतात.

पुढे २०११ साली या आवर्तनाची कळही हाती आली. अन्नापासून बनणारे ॲसेटिल-कोएंझाइम-ए हे द्रव्य पेशीत वाढले की डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर ॲसेटिल गट बसतात आणि वाढीची जनुके खुली होतात. म्हणजे जनुके चयापचयावर हुकमत चालवितात, तसेच चयापचयही जनुकांवर चालविते!

हलवायाच्या पातेल्यात मात्र असा सामुदायिक ताल दिसावयाचा नाही. तेथे खाद्याची रेलचेल असते, आणि हा दीर्घ ताल प्रकटतो तो शर्करेची टंचाई असतानाच.